टप उघडा, गाडी एकच: सेकंडहँड कन्व्हर्टिबलच्या एका खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या मावसबहिणीचं. तिला विचारूनच लिहितोय, पण नावं दिलेली नाहीत. ज्या गाड्यांत दोष सापडले त्यांची मॉडेलंही सांगणार नाही. एका मालकाने केलेली हेळसांड सगळ्या मॉडेलच्या माथी कशाला मारायची?

तिच्या घरी माणसं चार. ती, नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि तिची आई, म्हणजे माझी मावशी. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बाहेर पडताना वॉकर लागतो. नवऱ्याला गाडी चालवण्याची हौस नाही, तो बसने जातो. दाराशी बारा वर्षांची हॅचबॅक होती, आणि तिचा क्लच आणि स्टिअरिंग एकाच महिन्यात कुरकुरू लागले. जुन्या गाड्या तपासून देणं हे बरीच वर्षं माझं पोटापाण्याचं काम होतं, त्यामुळे फोन माझ्याकडेच आला.

"दादा, टप उघडणारी गाडी घ्यायचीय. हसू नकोस. आणि शोभेची नकोय, रोज चालवायचीय."

हसलो नाही. टप उघडणारी गाडी रोज वापरणारी माणसं मी पाहिलेली आहेत. पण अशी गाडी हौसेने घेऊन वर्षभरात विकायला काढणारी त्याहून जास्त पाहिली आहेत.

समस्या

"रोजची गाडी" म्हणजे काय, याचं उत्तर प्रत्येक घरात वेगळं असतं, आणि आपलं उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं सगळ्यांना उगाचच वाटतं. म्हणून तिला दोन आठवडे एक वही ठेवायला सांगितली. प्रत्येक खेपेला गाडीत कोण बसलं, डिकीत काय ठेवलं, एवढंच लिहायचं.

दोन आठवड्यांत ३१ खेपा झाल्या. त्यातल्या २२ वेळा ती एकटी होती. सहा वेळा मुलगी सोबत, तीन वेळा मावशी. चौघं मिळून एकदाही नाहीत. डिकीत बहुतेक वेळा एक-दोन पिशव्या. मावशी असली की मात्र घडी घातलेला वॉकर.

सगळी गोम त्या वॉकरमध्ये होती. घडी घातल्यावर तो साधारण ६० सेंटिमीटर रुंद, ८० लांब आणि दहाएक सेंटिमीटर जाड. वजनाला हलका, पण वाकत नाही. बहिणीने त्या मापाचा पुठ्ठा कापला, जाडीसाठी दोन्ही बाजूंना थर्माकोल चिकटवला, आणि प्रत्येक गाडी बघायला जाताना हा पुठ्ठ्याचा वॉकर बरोबर नेला. विकणारे चक्रावून बघायचे. पण आमच्या सगळ्या तपासण्यांत या पुठ्ठ्याइतकं खरं कोणी बोललं नाही.

पैशांचं असं ठरलं: जवळ असलेली रक्कम म्हणजे शंभर भाग. गाडीवर ऐंशीच्या वर जायचं नाही, वीस राखून ठेवायचे. साध्या जुन्या गाडीसाठी मी दहा सांगितले असते. टप हे मात्र गाडीतलं वेगळंच यंत्र आहे. त्याला स्वतःचा पंप, वायरिंग, रबरं आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात, आणि सर्व्हिसिंगच्या वेळी तिकडे सहसा कोणी बघत नाही.

पर्याय

नवऱ्याने मोठ्या सनरूफची गाडी सुचवली. बहिणीने त्याच्याकडे असं पाहिलं की विषय तिथेच मिटला.

पहिला खरा पर्याय होता दोन आसनी गाडी घ्यायची आणि हॅचबॅक दुरुस्त करून ठेवायची. दोन आसनी म्हटलं की माझदा एमएक्स-५ चं नाव आधी येतं. १९८९ मध्ये आलेली ही गाडी २०१६ मध्ये दहा लाखांचा आकडा ओलांडून गेली. सुटे भाग आणि हात बसलेले मेकॅनिक मिळतात, टप हलका आणि साधा. २००५ ते २०१५ च्या पिढीची डिकी १५० लिटर, आणि टप उघडला तरी ती तेवढीच राहते. गंजाचं मात्र बघावं लागतं, विशेषतः पहिल्या दोन पिढ्यांत. टपावरचं पाणी वाहून नेणारी भोकं सीटांच्या मागे असतात. ती तुंबली की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत, म्हणजे सिलमध्ये उतरतं आणि पट्टी आतून खायला लागतं.

दुसरा पर्याय धातूच्या घडीच्या टपाची चार आसनी गाडी. ही कल्पना दिसते तितकी नवी नाही. १९३४ मध्ये प्यूजोने 'एक्लिप्स' नावाने असा टप विकायला आणला होता. फोर्डची स्कायलायनर १९५७ ते १९५९ अशी तीन वर्षं चालली. १९९६ च्या मर्सिडीज एसएलकेनंतर मात्र या टपाची लाटच आली. बंद असताना गाडी साध्या कूपेसारखी, म्हणजे कायम छताच्या दोन दारी गाडीसारखी, शांत असते आणि कोणी ब्लेडने टप कापेल ही धास्ती नाही. म्हणून व्यवहारी माणूस आपोआप इकडे झुकतो. बहीणही झुकली होती.

तिसरा पर्याय कापडी टपाची चार आसनी गाडी. हा तिला शेवटपर्यंत कच्चा वाटत होता. "कापड ते कापडच ना रे?"

मी तिला डिकीचे आकडे दाखवले. फोक्सवॅगन ईऑस, टप धातूचा: बंद असताना ३८० लिटर, उघडल्यावर २०५. बीएमडब्ल्यू ३ सिरीजची २००७ नंतरची धातूच्या टपाची पिढी: ३५० आणि २१०. त्याच फोक्सवॅगनची २०११ ची गोल्फ कॅब्रिओले, टप कापडी: २५० लिटर, बंद असो वा उघडा. कारण या गाडीत कापडी टपाची घडी मागच्या सीटमागच्या तिच्या खणात बसते, डिकीत उतरतच नाही. म्हणजे टप बंद असताना ईऑस १३० लिटरने पुढे, आणि उघडल्यावर ४५ लिटरने मागे. शिवाय उरलेले २०५ लिटरही सलग हाताला येत नाहीत. वर धातूची चळत असते आणि सामान खालच्या फटीतून आत सरकवायचं असतं.

मग ही गाडी आपण कशासाठी घेतोय? टप उघडण्यासाठी. तर डिकीही टप उघडा ठेवूनच मोजली पाहिजे. हा मुद्दा तिला तिथल्या तिथे पटला, असं मला वाटलं.

पहिली गाडी

पटला नव्हता. पुढच्याच रविवारी आम्ही धातूच्या टपाची एक गाडी बघायला उभे होतो. नऊ वर्षांची, फक्त ३८ हजार किलोमीटर चाललेली, आरशासारखी चकचकीत. किंमत ९३ भाग. ऐंशीची मर्यादा आमचीच, आणि ती गाडीच्या रंगाकडे बघून विरघळायला लागली होती.

टप झोकात उघडला. पुठ्ठ्याचा वॉकर कसाबसा तिरका आत गेला. बहीण ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि तिथून उठेना.

माझं लक्ष आरशाला लटकवलेल्या सुगंधाच्या डबीकडे गेलं. एक आरशाला, एक मागे, एक डिकीत. एक डबी असली तर मी काही म्हणत नाही, तीन असल्या की कशावर तरी पांघरूण असतं. मागच्या सीटसमोरचं कार्पेट वरून कोरडं होतं. कडेने उचलून खालच्या स्पंजवर तळहात दाबला आणि वर टिश्यू पेपर ठेवला. तो एका दमात भिजला. सीटचे रूळ बघितले तर बोल्टांभोवती तांबूस कडा. मागचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला तर एरवी गुंडाळलेला राहणारा भाग काळ्या ठिपक्यांनी भरलेला.

मग बाटलीतलं अर्धा लिटर पाणी टपाच्या कडेच्या पन्हळीत हळूहळू ओतलं. उजवीकडचं पाणी मागच्या चाकापुढे जमिनीवर ठिबकलं. डावीकडचं कुठेच आलं नाही.

"कालच धुतलीय, म्हणून ओल असेल," मालक म्हणाले. असेलही. पण गाडी बाहेरून धुताना सीटबेल्टच्या गुंडाळीला बुरशी येत नाही.

इथे निर्णयाचा पहिला खरा प्रसंग आला. मालक दहा भाग कमी करायला तयार झाले. बहिणीचं म्हणणं असं की नळी साफ करायची, कार्पेट वाळवायचं, एवढ्याला दहा भाग पुष्कळ झाले. हिशोब वरवर बरोबर होता. मला भीती होती ती न दिसणाऱ्या खर्चाची. ओल्या स्पंजखालून वायरिंग जातं, कंट्रोल युनिट असतात, आणि तिथला गंज पैसे देऊन झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी बोलायला लागतो. धातूच्या टपाचे तुकडे एकमेकांत बसण्याला मिलिमीटरचा हिशोब असतो. रबर गेलं असेल तर रबर बदलून भागतं, पण तुकडेच सरकले असतील तर त्याला अंत नाही. दुरुस्ती महाग असली तरी आकडा सांगता येत असेल तर मी घासाघीस करतो. आकडाच सांगता येत नसेल तर निघतो.

निघालो. परतीच्या वाटेवर अर्धा तास ती माझ्याशी बोलली नाही.

मधली गाडी

त्यानंतर मला न सांगता ती एकटीच एक दोन आसनी गाडी चालवून आली. फोनवर आवाजच वेगळा होता. मी नंतर जाऊन पाहिली, गाडी खरंच निर्दोष होती. सिलवर चुंबक धरला, तो सगळीकडे सारखा चिकटत होता. खाली पुटीन भरलेली नव्हती.

वहीच्या हिशोबाने हा पर्याय चुकीचा नव्हताच. ३१ पैकी २२ खेपांना ती एकटीच होती. पण हॅचबॅक चालती ठेवायची तर क्लच आणि स्टिअरिंगचं काम, दोन विमे, दोन सर्व्हिसिंग, आणि दाराशी जागा एकाच गाडीची. दुसरी रस्त्यावर उभी करावी लागली असती, आणि रस्त्यावर राहणार कोणती? मावशीला लागणारी की कापडी टपाची? इथे गाडं अडलं. दोन गाड्यांची जागा असती तर मी आजही हाच पर्याय सुचवेन. चार आसनी कन्व्हर्टिबल ही तडजोडच असते. टप आणि त्याची घडी मावण्यासाठी मागची सीट अरुंद होते. छताचा आधार गेल्यामुळे तळ आणि सिल जाड करावे लागतात, म्हणून वजन वाढतं.

तिसरी गाडी

पाच आठवड्यांनी कापडी टपाची एक चार आसनी सापडली. दहा वर्षांची, १ लाख १४ हजार किलोमीटर, दोन मालक, सर्व्हिसिंगच्या पावत्या ओळीने लावलेल्या. पहिल्या गाडीच्या तिप्पट चाललेली म्हणून बहीण नाक मुरडत होती. पण ही गाडी रोज चाललेली आणि रात्री छपराखाली राहिलेली. टपाच्या गाडीत मीटरच्या आकड्याइतकंच तिने उभं कुठे दिवस काढले हे बघावं लागतं. ऊन कापड आणि रबर दोन्ही खातं, आणि न चालणाऱ्या गाडीत पाणी साचून राहतं.

तपासणी दोन तास चालली. कार्पेटखालचा स्पंज कोरडा. डिकीचा तळ उचलून पाहिला, स्टेपनीच्या खड्ड्यात धूळ होती, पाण्याचा डाग नव्हता. बाटलीची चाचणी दोन्ही बाजूंना पास. टप सलग तीनदा उघडून मिटवला. मग घड्याळ लावून बघितलं, तर पुस्तिकेत दिलेल्या वेळेपेक्षा चार सेकंद जास्त. संध्याकाळी मी टपाखाली बसलो आणि बहिणीला बाहेरून कापडावर टॉर्च फिरवायला लावला. घडीच्या ठिकाणी कापड घासलं गेलं असेल तर प्रकाशाचे टाचणीएवढे ठिपके आत दिसतात. एकही दिसला नाही. शेवटी पुढचं एक चाक उंचवट्यावर चढवून गाडी उभी केली आणि दारं उघडून बघितली. गाडीच्या सांगाड्यात जोर उरलेला नसला की अशा वेळी दार अडकतं. दोन्ही दारं सहज उघडली, सहज लागली.

दोष एकच ठळक. मागची काच कापडाला चिकटवलेली असते, ती खालच्या डाव्या कोपऱ्यात दोन बोटं सुटली होती.

इसार देण्याआधी टपाचं काम करणाऱ्या कारागिराला फोटो पाठवले. काच पुन्हा चिकटवता येईल, पण किती टिकेल याची हमी नाही, असं तो म्हणाला. काचेसकट नवं कापड घातलं तर १४ भाग. हा आकडा लेखी घेतला आणि मालकापुढे ठेवला. ते ७१ सांगत होते, ६४ वर आले. नवं कापड धरून ७८. ऐंशीच्या आत.

काच चिकटवून बघायची की सरळ कापड बदलायचं, यावर घरात दोन दिवस खल झाला. नवऱ्याचं मत चिकटवून बघू. बहीण म्हणाली, "काच रस्त्यात सुटली तर ती आईच्या नाहीतर पोरीच्या मागे सुटणार." कापड बदललं. चार सेकंदांचा उशीर बॅटरीचा निघाला. नवी टाकल्यावर टप वेळेत चालू लागला.

परिणाम

मावशीचं काय होईल याची मला सगळ्यात जास्त काळजी होती, आणि तिथेच सगळ्यात सुखद धक्का बसला. टप उघडा असला की तिला मान वाकवावी लागत नाही. काचेच्या चौकटीला धरून उभ्या उभ्या वळते आणि टेकते. हॅचबॅकपेक्षा हे तिला सोपं जातं. वॉकर टप उघडा असताना डिकीत आडवा जात नाही, पण मागच्या सीटची पाठ पाडली की तिथून सरळ आत जातो. हे पुठ्ठ्याने आधीच सांगितलं होतं.

दाराने मात्र दगा दिला. दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं, आणि अरुंद पार्किंगमध्ये ते निम्मंच उघडतं. पहिल्याच आठवड्यात मावशी आत आणि दार शेजारच्या गाडीला टेकलेलं. आता आईला आधी उतरवायचं, मग गाडी लावायची, असा शिरस्ता पडलाय. मी दोन तास टॉर्च आणि बाटल्या घेऊन फिरलो, पण गाडी दोन गाड्यांच्या मधे उभी करून दार उघडून बघण्याचं सुचलं नाही.

मुलीचीही एक तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. उघड्या गाडीत वारा पुढच्यांपेक्षा मागच्यांना जास्त लागतो. वारा अडवणारी जाळी असते, पण ती मागच्या सीटवरच बसते. म्हणजे मागे माणूस असेल तर जाळी लावता येत नाही. पोरगी तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मामा, पुढे सिनेमा आणि मागे वादळ." ती मागे असली की टप बंद, किंवा वेग कमी.

आणि सातव्या आठवड्यात माझी चूक बाहेर आली. रात्रभर धो धो पाऊस, गाडी झाडाखाली. सकाळी फोन: "दादा, पाय ठेवायच्या जागी डबकं झालंय."

नवं कापड शाबूत होतं. डाव्या नळीच्या तोंडाशी पानांचा लगदा होता, ताजा आणि जुना मिळून. मी अर्धा लिटर पाणी हळूहळू ओतलं होतं, आणि अर्धवट तुंबलेली नळी तेवढं निमूट सोडते. मुसळधार पाऊस तिला झेपत नाही. ठिबकलं की पास, असं मी धरलं. दोन्ही बाजूंना सारखंच पाणी ओतून किती सेकंदांत उतरतं हे मोजलं असतं, तर डावी बाजू उजवीपेक्षा सुस्त आहे हे तेव्हाच कळलं असतं. शिवाय गाडी ताब्यात आली त्याच दिवशी नळ्या साफ करायला हव्या होत्या. कापड बदलताना टप उघडाच होता, कारागिराला एका वाक्याने सांगता आलं असतं.

कार्पेट काढून स्पंज चार दिवस वाळवला. वायरिंगला काही झालं नाही. खर्च तीन भाग, आणि राखून ठेवलेल्या पैशांतून गेला म्हणून घरात कुरबुर झाली नाही. नळी साफ करायला गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉनची दोरी वापरली. हवेचा जोरदार फवारा मारायचा मोह होतो, पण आतला जोड निसटला की पाणी थेट गाडीत उतरतं.

गाडीला आता चौदा महिने झाले. सतरा हजार किलोमीटर झाले आणि टपाने कधी कुरकुर केलेली नाही. नायलॉनची दोरी डिकीत पुठ्ठ्याच्या वॉकरशेजारी असते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बहीण दोन्ही पन्हळींत एकेक तांब्या पाणी ओतते आणि मुलगी जमिनीवर पालथी पडून चाकापुढच्या ठिबक्याकडे बघत सेकंद मोजते. गेल्या वेळी डावीला अठरा लागले, उजवीला एकोणीस.